रिकाम्या पुंगळीचा हिशोब

रायफलच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्राइमर, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसलेली गोळी. चाप ओढला की प्राइमर पेट घेतो, दारू जळते आणि गोळी नळीतून निघून जाते. तीन वस्तू डोळ्यांची पापणी लवायच्या आत संपतात. पुंगळी तेवढी उरते, आणि साध्या काडतुसात चौघांत सगळ्यांत महाग असते ती हीच. तिच्यात नवा प्राइमर, नवी दारू आणि नवी गोळी भरली की काडतूस पुन्हा तयार. अमेरिकेत हे काम घरी, गॅरेजमधल्या टेबलावर करणारे नेमबाज आणि शिकारी पुष्कळ आहेत. त्याला ते रिलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर मात्र लागतो.

या छंदाच्या समर्थनार्थ पहिलं कारण दिलं जातं ते पैशाचं. विकतच्या काडतुसापेक्षा घरचं स्वस्त पडतं, असं नवशिक्याला सांगितलं जातं आणि तो प्रेस (दाबयंत्र), डाय (पुंगळी आवळायचे साचे), तराजू घेऊन बसतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्या काडतुसाच्या बाबतीत हा दावा सर्वाधिक केला जातो, नेमक्या त्याच काडतुसाच्या बाबतीत तो सगळ्यांत लंगडा आहे. काही काडतुसांच्या बाबतीत तो शंभर टक्के खराही आहे. फरक कुठे पडतो हे आकड्यांनीच कळतं.

अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या रायफल काडतुसांपैकी एक म्हणजे .२२३ रेमिंग्टन. भाव महिन्यागणिक हलतात, म्हणून उदाहरणापुरते अलीकडच्या वर्षांना जवळचे आकडे धरू. एक प्राइमर ८ सेंट. साधी तांब्याच्या वेष्टनाची गोळी १२ सेंट. दारू पौंडावर विकली जाते आणि ग्रेनमध्ये मोजली जाते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. या काडतुसाला सुमारे २५ ग्रेन लागतात, म्हणजे एका पौंडात २८० काडतुसं भरतात. पौंडाला ४२ डॉलर धरले तर प्रत्येकी १५ सेंट. पुंगळी वेचलेली, म्हणून फुकट. एकूण झाले ३५ सेंट. दुकानातलं साधं पितळी काडतूस ४७ सेंटला मिळतं असं धरलं, तर प्रत्येकी १२ सेंट वाचले.

बारा सेंट वाचले हे खरं, पण प्रेस, डाय, तराजू, कॅलिपर, पुंगळ्या घासायचं यंत्र, पुस्तक असं सगळं मिळून ४५० डॉलर गेलेले असतात. ते वसूल व्हायला ३,७५० काडतुसं भरावी लागतात. साध्या प्रेसवर, ज्यात दट्ट्याच्या एका फेरीत एकच काम होतं, सगळे टप्पे धरून तासाला पन्नासेक काडतुसं होतात. म्हणजे तासाची बचत ६ डॉलर. अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. ज्याला फक्त पैसे वाचवायचे आहेत त्याने तेवढा वेळ कुठेही काम केलं तर जास्त काडतुसं विकत घेता येतील. दट्ट्याच्या प्रत्येक फेरीला एक तयार काडतूस देणारे मोठे प्रेस असतात. तासाला काहीशे काडतुसं निघतात, पण त्या यंत्राची किंमतही तशीच चढी असते. शिवाय जुन्या रिलोडरांना विचारलं तर ते मोकळेपणाने सांगतात की पैसे काही वाचले नाहीत, त्याच पैशात नेमबाजी मात्र वाढली. हा फायदा मी कमी लेखत नाही. नेमबाजी सरावानेच येते. फक्त त्याला बचत म्हणू नये.

विकतचं काडतूस इतकं स्वस्त कसं परवडतं? याचं उत्तर मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी आहे. तिथला लेक सिटी हा सरकारी मालकीचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या तयारीत उभा राहिला आणि आजही अमेरिकन सैन्याच्या लहान काडतुसांचा मुख्य पुरवठादार आहे. सरकारची मालकी आणि खासगी कंपनीचा कारभार अशी तिथली व्यवस्था आहे. २०२० च्या ऑक्टोबरपासून हा कारभार ऑलिन-विंचेस्टरकडे आहे. .२२३ हे सैन्याच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाचं सख्खं भावंड. सैन्यासाठी उभ्या केलेल्या यंत्रांवर सैन्याची मागणी भागवून उरलेल्या क्षमतेत नागरी बाजारासाठी माल निघतो. यंत्रांचा, इमारतींचा, तपासणीचा खर्च अब्जावधी काडतुसांवर पसरलेला असतो. गॅरेजमध्ये बसलेल्या माणसाने याच्याशी भावात स्पर्धा करायची म्हटलं तर त्याच्या हाती एकच हुकमी पत्ता असतो, फुकटची पुंगळी.

आणि सगळ्यांत स्वस्त विकतच्या काडतुसाने नेमका तोच पत्ता मारला. रशियातल्या तुला, बर्नाउल अशा कारखान्यांनी पितळ टाकून पोलादाची पुंगळी वापरली. पोलाद गंजू नये म्हणून वर लाखेचा किंवा पॉलिमरचा थर दिला. गोळीचं वेष्टनही निव्वळ तांब्याचं न करता पोलादावर तांब्याचा मुलामा दिला. पोलादी पुंगळी बहुतेक जण पुन्हा भरायच्या फंदात पडत नाहीत. पोलाद पितळेसारखं लवचिक नाही, आणि या काडतुसांत बहुधा बर्डन पद्धतीचा प्राइमर असतो.

या प्राइमरचा किस्सा सांगण्यासारखा आहे. १८६६ साली दोन माणसांनी दोन पद्धती शोधल्या. एक इंग्लंडचा कर्नल एडवर्ड बॉक्सर, दुसरा अमेरिकेचा हायरम बर्डन. बॉक्सरच्या पद्धतीत प्राइमर ज्यावर आपटून पेटतो ती छोटी ऐरण प्राइमरच्याच आत असते, आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं. त्या भोकातून वरून सुई घातली की वापरलेला प्राइमर टचकन खाली पडतो. बर्डनच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं असतात. तिथे सरळ सुई चालत नाही. पुढे झालं असं की इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची पद्धत युरोप-रशियाने. अमेरिकेतला पुनर्भरणाचा छंद या अदलाबदलीवर उभा आहे असं म्हणायला हरकत नाही. तिथल्या नागरी बाजारात बर्डन रुजला असता तर घरगुती प्रेसचा धंदा एवढा फोफावला नसता.

पोलादी काडतुसांवर नेमबाजांचे दोन आक्षेप असतात. एक, ती नळी झिजवतात. हा आक्षेप खरा आहे. एका अमेरिकन दारूगोळा विक्रेत्याने चार सारख्या रायफली घेऊन प्रत्येकीतून दहा हजार काडतुसं झाडायच्या बेताने चाचणी घेतली. पोलादी वेष्टनाच्या गोळ्या झाडणाऱ्या नळ्या पितळी काडतुसं झाडणाऱ्या नळीपेक्षा फार लवकर झिजल्या. पण त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष असा की स्वस्त काडतुसांवर वाचलेल्या पैशांत नवी नळी घेऊनही पैसे उरतात. दुसरा आक्षेप नेमाचा. तोही खरा आहे, पण पन्नास-शंभर मीटरवर भरभर गोळ्या झाडायचा सराव करणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. काही रेंजवर आत जाताना काडतुसांना लोहचुंबक लावून पाहतात, कारण पोलादी वेष्टनाच्या गोळीने ठिणगी उडू शकते आणि मागच्या पोलादी पाट्याही खराब होतात. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेने रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगावरून लावलेले निर्बंध लागू झाले आणि रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने मिळणं बंद झालं. सगळ्यांत स्वस्त माल हळूहळू बाजारातून आटत गेला. त्याबरोबर रिलोडरचा बारा सेंटांचा पत्ता पुन्हा थोडा वजनदार झाला.

आता दुसऱ्या टोकाचं काडतूस घेऊ. .३३८ लापुआ मॅग्नम हे लांब पल्ल्याचं, जाडजूड काडतूस. दुकानात एकेक ६ डॉलरला मिळतं असं धरा. घरी भरायचं तर गोळी १ डॉलर, मोठा प्राइमर १० सेंट, दारू नव्वदेक ग्रेन म्हणजे ६० सेंटच्या आत. पुंगळी फुकट न धरता ३ डॉलरला नवी घेतली आणि सहा वेळा वापरली, तरी प्रत्येक वेळचे ५० सेंट. सगळं मिळून सव्वादोन डॉलरच्या आत. एका काडतुसामागे पावणेचार डॉलर वाचतात. इथे ४५० डॉलरचं सामान सव्वाशे काडतुसांच्या आत वसूल होतं. इथे कुणी मला सांगितलं की मी पैशासाठी भरतो, तर मी निमूटपणे मान डोलावीन.

जुन्या रायफलींचा प्रकार आणखी वेगळा. पहिल्या महायुद्धातल्या, त्याआधीच्या, कधीच्याच बंद पडलेल्या मापांच्या रायफली अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लोक प्रेमाने जपतात. मार्टिनी-हेन्रीसारख्या रायफलचं काडतूस कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. मिळालंच तर संग्राहकाच्या भावाने. अशा माणसासाठी स्वस्त-महागचा प्रश्नच नसतो. हाताने भरलं तर रायफल बोलते, नाही तर ती भिंतीवर टांगून ठेवायची.

पैशाचं इथवर झालं. पण पुनर्भरणाचं खरं वैभव पैशात नाही, नेमात आहे.

कारखान्याचं काडतूस त्या मापाच्या जगातल्या प्रत्येक रायफलीत सुरक्षितपणे बसलं पाहिजे आणि चाललं पाहिजे. नवी रायफल, जुनी रायफल, घट्ट कोठीची, सैल कोठीची (कोठी म्हणजे नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा). म्हणून कारखाना सगळ्या मापांत मधला मार्ग धरतो. हाताने भरणाऱ्याला जगातल्या एकाच रायफलीशी देणंघेणं असतं. त्याच्या रायफलीत एकदा झाडलेली पुंगळी त्या रायफलीच्या कोठीच्या आकारात फुगलेली असते, तिला तो अगदी जरुरीपुरतीच आवळतो. गोळीच्या नाकापासून नळीतल्या पिळाच्या सुरुवातीपर्यंत किती अंतर ठेवायचं हे तो इंचाच्या हजाराव्या भागात ठरवतो. दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. आणि मग पाच-पाच गोळ्यांचे गट झाडून कुठल्या भरणीला आपली नळी खूश आहे ते शोधतो. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कारखान्यातून लागोपाठ बाहेर पडलेल्या दोन रायफलींचीही असते.

हे सगळं शंभर मीटरवर डोळ्यात भरत नाही. हजार यार्डांवर भरतं. .३०८ विंचेस्टर हे मध्यम ताकदीचं काडतूस घ्या. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरने कमी असेल, तर हजार यार्डांवर ती वीतभर तरी खाली लागते. तिथल्या एफ-क्लास स्पर्धेत दहाचं वर्तुळ सगळं मिळून १० इंच व्यासाचं असतं. म्हणजे नेम बिनचूक धरला, वारा बरोबर ओळखला, श्वास रोखला, तरी केवळ दारूतल्या फरकाने गोळी वर्तुळाबाहेर. अशा स्पर्धांत पहिल्या रांगेतले नेमबाज स्वतः भरलेली काडतुसं आणतात ते हौसेखातर नव्हे.

इंग्लंडमधलं बिझ्लीचं नेमबाजीचं मैदान मात्र उलट विचार करतं. तिथल्या इम्पीरियल मीटिंगमधल्या टार्गेट रायफल स्पर्धांत परंपरेने सगळ्यांना एकाच जातीची कारखान्यातली काडतुसं दिली जातात. म्हणजे कस लागतो तो माणसाचा, त्याच्या गॅरेजचा नाही. मला हा नियम फार आवडतो. पुनर्भरणाची आवड असलेल्यांना तो अन्यायाचा वाटतो, हेही समजण्यासारखं आहे.

आणि एक काडतूस असं आहे जिथे जगातला उत्तमातला उत्तम नेमबाजही विकतच्या मालावरच अवलंबून असतो: .२२ रिमफायर. यात वेगळा प्राइमर नसतोच. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो आणि पिनचा घाव त्या कडेवर पडतो. एकदा कड चेपली की पुंगळी बाद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं ते याच जातीच्या काडतुसांवर. त्याच्या आधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, तेही अशाच काडतुसांवर. या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. भरण्याचा मार्ग बंद, म्हणून या खेळात निवडण्याची कला वाढली. एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या नळीतून झाडून पाहायची, ज्या लॉटचा गट सगळ्यांत लहान पडेल तोच लॉट पेट्यांनी विकत घ्यायचा. इंग्लंड-जर्मनीतल्या कारखान्यांच्या चाचणी केंद्रांवर जगभरचे नेमबाज यासाठी रायफली घेऊन जातात. नळीच्या आवडीनिवडीचा मान राखण्याची ही दुसरी रीत.

परत पुंगळीकडे येऊ, कारण तिच्या अंगावर बरंच काही वाचता येतं. ती ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्ताच्या पितळेची असते. चाप ओढताच .२२३ च्या पुंगळीत कमाल दाब ५५,००० पाउंड प्रति चौरस इंच इतका जाऊ शकतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या हवेच्या दाबाच्या हा पावणेचार हजार पट झाला. त्या क्षणी पितळ फुगून कोठीच्या भिंतीला चिकटतं आणि मागे वायू येऊ देत नाही. दाब उतरताच किंचित आक्रसतं, म्हणून पुंगळी बाहेर खेचता येते. हे फुगणं-आक्रसणं पितळेला जमतं तसं दुसऱ्या स्वस्त धातूला जमत नाही.

पण प्रत्येक फेरीत पितळ थोडं कडक होतं. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकताना कारागीर मधूनमधून तो भट्टीत तापवून नरम करून घेतो, नाही तर पुढच्या घावाला चीर पडते. पुंगळीच्या मानेचंही तसंच आहे. झाडताना फुगते, डायमध्ये आवळली जाते, पुन्हा फुगते, आणि काही फेऱ्यांनी तिला उभी चीर जाते. म्हणून जाणकार रिलोडर दर काही फेऱ्यांनी फक्त मान आणि खांदा क्षणभर ज्योतीवर धरून नरम करतो. बुडाला उष्णता पोचता कामा नये, कारण सगळा दाब झेलायचा तो बुडाने, आणि ते कडकच हवं. सैन्याच्या नव्या काडतुसाची मान नीट पाहिली तर तिथे तपकिरी-निळसर झाक दिसते. ती या तापवण्याची खूण. नागरी मालावर कारखाना ती घासून चकाकी आणतो.

दुसरी खूण जास्त गंभीर. आवळल्या-फुगवल्या जाणाऱ्या पुंगळीचं पितळ हळूहळू मानेकडे सरकतं. मान लांबत जाते, ती कापून मापात आणावी लागते, आणि बुडाच्या थोडं वर भिंत पातळ होत जाते. बाहेरून तिथे एक उजळ कडं दिसू लागतं. वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून फिरवली की टोकाला घळ जाणवते. ती जाणवली की पुंगळी भंगारात टाकायची. मोह आवरला नाही तर कधी तरी ती रायफलीतच दोन तुकडे होते आणि पेटते वायू डोळ्यांपासून वीतभर अंतरावर मागे येतात.

या छंदातले अपघात बहुतेक साध्या चुकांतून होतात. टेबलावर दोन दारूचे डबे उघडे राहिले आणि पिस्तुलाची जलद जळणारी दारू रायफलच्या पुंगळीत गेली. .३०० ब्लॅकआउट हे काडतूस .२२३ च्याच रायफलीत चुकून बसलं, कारण दोघांचं बूड सारखं, पण गोळी नळीपेक्षा जाड. रायफलच्या दारूत एक बरं असतं की ती पुंगळी बऱ्यापैकी भरून टाकते, दोनदा ओतली तर बाहेर सांडते आणि चूक दिसते. पिस्तुलाच्या लहान मापात ती दिसत नाही. म्हणून दारू बनवणाऱ्या कंपन्यांची छापील कोष्टकं सोडून कुणाच्याही तोंडी आकड्यावर भरू नये, कमीपासून सुरुवात करावी, आणि दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत कधीही घालू नये. पुष्कळ रायफल कंपन्या घरगुती काडतुसाने झालेल्या नुकसानीला हमी लागू करत नाहीत. स्वस्त विकतच्या काडतुसाच्या बाजूने हा मुद्दा मला बारा सेंटांहून फार मोठा वाटतो. थकलेल्या, घाईतल्या किंवा विसराळू माणसाने ४७ सेंट द्यावेत आणि सुखाने घरी जावं.

शिशाचा धोका लोक विसरतात. बहुतेक प्राइमरांत शिशाचा क्षार असतो. वापरलेल्या पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या बुरकुंडाच्या भुशात घोळवून साफ करतात, तेव्हा उडणाऱ्या धुळीत ते शिसं असतं. ओल्या पद्धतीत पोलादी पिना, पाणी आणि लिंबूसत्त्व वापरतात, त्यात धूळ उडत नाही. घरात लहान मूल असेल तर दुसरीच पद्धत हवी, आणि तीही स्वयंपाकघरापासून लांब. घरात किती साठा असावा याचेही नियम आहेत. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या मानकानुसार मूळ डब्यांतली २० पौंड दारू आणि १०,००० प्राइमर ही घरातली मर्यादा, त्यापुढे दारूला जाड लाकडी पेटी लागते. जर्मनीत तर दारू हाताळायलाच अभ्यासक्रम पुरा करून स्फोटक परवाना काढावा लागतो.

अमेरिकेत हा छंद रुजला तो टंचाईतून. १८७०च्या दशकात गवताळ मैदानांवर बायसन मारणारे शिकारी तळावरच काडतुसं भरत, कारण दुकान शेकडो मैलांवर. दुसऱ्या महायुद्धात नागरी बाजारात गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, झाडलेल्या .२२ च्या पुंगळ्यांपासून गोळीची वेष्टनं दाबून काढणारं यंत्र तयार केलं. यंत्राला नाव दिलं रॉक चकचं. रॉक चक म्हणजे तिथला बिळात राहणारा घुशीसारखा प्राणी. त्याच्या शिकारीसाठीच्या गोळ्यांचं हे यंत्र, आणि यंत्राच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन आरसीबीएस ही कंपनी झाली. युद्ध संपल्यावर उलटं घडलं. सरकारकडे दारूचे ढीग उरले. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने ४८९५ क्रमांकाची उरलेली लष्करी दारू विकत घेऊन नेमबाजांना स्वस्तात विकली. त्या काळात घरी भरणं निर्विवाद स्वस्त होतं, आणि पैसे वाचतात ही समजूत बहुधा तेव्हाचीच आहे. ढीग संपले, समजूत उरली.

पुढे टंचाई आली की लोक पुन्हा प्रेसकडे धावले. २०१२-१३ मध्ये आणि करोनाकाळात दुकानांची फडताळं रिकामी झाली. पण तेव्हा रिलोडरचाही भ्रम फुटला. गोळी शिसं ओतून घरी करता येते, पुंगळी जपता येते. प्राइमर मात्र घरी होत नाही. अमेरिकेत तो बनवणाऱ्या मोठ्या नावांत सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर ही प्रमुख. हे सगळे तयार काडतुसंही बनवतात, आणि टंचाईत ते आपले प्राइमर आधी आपल्याच काडतुसांत घालणार हे उघड आहे. त्यातच रेमिंग्टनने २०२० च्या जुलैत दिवाळखोरी जाहीर केली. साध्या दिवसांत ३ सेंटला मिळणारा प्राइमर तेव्हा १० सेंटांच्याही वर गेला. दारूचंही असंच. धूर न करणारी दारू १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएलने सिद्ध केली ती नायट्रोसेल्युलोजपासून, आणि नायट्रोसेल्युलोज बनतं मुख्यतः सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड कापूसतंतूंपासून. युक्रेन युद्धात तोफगोळ्यांची मागणी वाढली तेव्हा युरोपातल्या कारखान्यांना या तंतूंसाठी आपण चीनवर किती अवलंबून आहोत हे जाणवलं. तोफा आणि हौशी नेमबाज एकाच कच्च्या मालाच्या रांगेत उभे असतात, आणि रांगेत पुढे कोण हे सांगायला नको.

आपल्याकडे हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, तेव्हा हा छंद इथे घरी सुरू करण्याचा विचारही करू नये. परवानाधारकाच्या .३१५ रायफलीसाठी काडतूस येतं ते सरकारी कारखान्यातून. पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा आहे. त्याच्या काडतुसांच्या बुडावर केएफ ही अक्षरं असतात, किरकी हे खडकीचं इंग्रजी अमदानीतलं नाव. जळगाव जिल्ह्यात वरणगावलाही लहान काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका तेवढ्या अजून दिसतात. तिथे दारू, चिंध्या, छरे आणि केप प्रत्येक बाराला हातानेच घालावं लागतं, विकतचं काडतूस हा पर्याय मुळातच नसतो.

अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथे कायदेशीरपणे नेमबाजीला लागलेल्या मराठी मंडळींना माझा सल्ला असा: पहिली दोन वर्षं प्रेस घेऊ नका. पितळी पुंगळीची, बॉक्सर प्राइमरची साधी विकतची काडतुसं घ्या. पोलादीपेक्षा ती थोडी महाग पडतील. झाडलेली प्रत्येक पुंगळी मात्र उचला, आणि बुडावरचा शिक्का पाहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. लेक सिटीचा शिक्का एलसी असा असतो, खाली वर्षाचे दोन आकडे. त्यांतल्या लष्करी मालाचा प्राइमर कडा चेपून पक्का केलेला असतो, पुढे कधी भरायची वेळ आली तर ती चेपलेली कड आधी कापावी लागेल. डबे कोरड्या जागी असले की पितळ वर्षानुवर्षं टिकतं. दोन वर्षांनी आपण लांब पल्ल्याकडे वळलो आहोत की शंभर मीटरवरच खूश आहोत, हे कळलेलं असेल. लांब पल्ला खुणावत असेल तर पहिला खर्च प्रेसवर न करता एका चांगल्या तराजूवर करा. आणि शंभर मीटरच पुरत असतील तर ते डबे रेंजवरच्या एखाद्या रिलोडरला विका. तो आनंदाने घेईल.